फौजदाराच्या हौदातलं कुमुद

जाहीर निवेदन. अमरावती येथील आमच्या राहत्या घराच्या परसात, आज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, पांढऱ्या कुमुदाची एक कुंडी सिमेंटच्या हौदात विधिपूर्वक उतरवण्यात आली. समारंभाचे अध्यक्षस्थान कासव फौजदार यांनी भूषवले. व्यासपीठावर, म्हणजे हौदाच्या कठड्यावर, सौ. कुंदा चहाचा कप घेऊन उपस्थित होत्या. प्रास्ताविक, सूत्रसंचालन, आभारप्रदर्शन आणि कुंडी उचलणे ही सर्व कामे एकाच व्यक्तीने पार पाडली. अध्यक्षांनी कुंडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, जाळीला नाक लावून पाहिले आणि भाषण न करता आपल्या दगडावर जाऊन बसले.

साडभाऊ, तुम्ही म्हणाल, "काय बे नाटक्या, हे तं तू मार्चातच लावलं होतं ना? मले फोटो पाठवला होता."

थांबा. त्याचंच सांगायचं आहे. आणि या वेळी मधे बोलू नका. तशी तुमची सोय आता राहिलेली नाही, हे मला माहीत आहे, पण सवयीने सांगितलं.

तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी हौदातलं पाणी बदलत होतो. फोन ठेवला आणि पाणी बदलून पुरं केलं. पाइप गुंडाळून खिळ्याला अडकवला. मग घरात जाऊन कुंदाला सांगितलं. तिच्या सख्ख्या बहिणीचा, म्हणजे अक्कांचा, नवरा गेला होता. ती म्हणाली, "कधी आला फोन?" मी म्हटलं, "अर्धा तास झाला." "अन् अर्धा तास तुमी काय करून राहिले होते?" मी म्हटलं, "पाणी बदलत होतो."

बसमध्ये अमरावती ते अकोला मी दुकानांच्या पाट्या वाचत गेलो. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव. एकही पाटी सोडली नाही. तुमच्या अंगणात पोचलो तर चपलांचा ढीग होता, त्यात तुमचीही होती, डावीचा अंगठा शिवलेला. ती बघूनही काही झालं नाही. दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई देतात ना, मग आपलाच ओठ कुणीतरी दुसऱ्याचा आणून लावल्यासारखा वाटतो, तसं माझं सगळं झालं होतं. लोक माझ्याकडे बघत होते. लग्नात, निरोप समारंभात, स्नेहसंमेलनात माईक धरणारा माणूस मी. हा आता काहीतरी बोलेल, निदान मोठ्याने रडेल, अशी त्यांची अपेक्षा असावी. मी पाण्याच्या कॅनचा नळ गळत होता तो घट्ट केला.

आपली ओळख साडू म्हणून झाली, पण मैत्री झाली ती या कासवामुळे. आमच्या पोरीने पाचवीत असताना हट्ट करून मत्स्यालयाच्या दुकानातून ते आणलं, तेव्हा ते बिस्किटाएवढं होतं. कानामागे लाल पट्टा, चेहऱ्यावर कायम चौकशीचा भाव, म्हणून मी त्याचं नाव फौजदार ठेवलं. पोरगी शिकायला पुण्याला गेली, फौजदार ताटाएवढा झाला, आणि मी परसात त्याच्यासाठी हौद बांधला. तुम्ही बघायला आलात. तीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेला माणूस. हात मागे बांधून हौदाभोवती एक चक्कर मारलीत, जसे आता फौजदार मारतात.

आधी तुम्ही कासवाची जात तपासलीत. "हे बाहेरदेशचं होय म्हणून वाचला तू. आपल्याकडचं असतं तं मीच तुले फॉरेस्टवाल्यांच्या हवाली केलं असतं. अन् कंटाळा आला म्हणून हे वडाळी तलावात नेऊन सोडशील, तं माझ्याशी गाठ हाय."

"नाही सोडत जी."

मग तुम्ही पाण्यात बोट घातलंत. मे महिना होता, दुपारचे तीन. बोट लगेच बाहेर काढलंत.

"नाटक्या, हौद बांधला का कढई?"

तेव्हापासून सुरू झालं. हौदात कोणती झाडं लावायची, हा प्रश्न आपण दोघांनी सात वर्षं चालवला. कोर्टातसुद्धा इतका कुणी चालवत नाही. तुमचं म्हणणं सरळ होतं. आपल्या वऱ्हाडच्या उन्हात सिमेंटचा हौद तापणारच. पाण्याच्या तीन वाट्यांपैकी दोन वाटे सावलीत पाहिजेत आणि एक वाटा उघडा, कारण फौजदाराला पाठ शेकायला ऊन लागतं. सावली झाडाचीच हवी. माझं म्हणणं त्याहून सरळ होतं. वर हिरवी जाळी ताणा आणि मोकळे व्हा. एका मे महिन्यात तर मी घरातला कूलर खिडकीतून काढून हौदाकडे तोंड करून ठेवला. तुम्हाला फोनवर सांगितलं तर तुम्ही विचारलंत, "अन् कुंदा?" मी म्हटलं, "ती तुमच्याकडे यायला निघाली आहे."

पण झाडं मीही लावली, नाही असं नाही. आधी तुमची पाणकोबी आली. अकोल्याहून एसटीने, झाकणाच्या बादलीत. कंडक्टरने विचारलं होतं, "सर, दूध हाय का?" आणि तुम्ही म्हणालात, "कोशिंबीर हाय." शब्द खरा झाला. चाळीस रोपटी फौजदाराने दोन दिवसांत संपवली, तिसऱ्या दिवशी मुळ्यासुद्धा पाण्यावर उरल्या नाहीत. मग मी गुपचूप नाल्यातली जलकुंभी आणून टाकली. ती त्याला संपेना, उलट महिन्याभरात हौद भरून गेला, फौजदार कुठे आहे ते काठीने शोधावं लागे. मी विजयी मुद्रेने तुम्हाला बोलावलं. तुम्ही आलात, पँट गुडघ्यापर्यंत वर केलीत आणि सगळी जलकुंभी उपसून गच्चीवर उन्हात वाळायला टाकलीत.

"काहून काढली? सावली तं झाली होती."

"पाण्याले श्वास घेऊ देशील का नाही? अन् पावसात हौद वाहिला का हे नालीतून तलावात जाते. मग सारं गाव तुह्या नावानं बोंबलेल."

मग मी धोपा, म्हणजे अळू, सुचवला. घरचाच, मोरीपाशी वाढलेला. मोठी पानं, गार सावली, वर वड्यांची सोय. तुम्ही कपाळाला हात लावलात. "धोपा तुह्या घशाले खाजवते, त्याच्या घशाले नाही खाजवणार? त्याच्या तोंडाले सूज येईन." मी म्हटलं, "आपण चिंच घालून देऊ." त्यावर तुम्ही जे हसलात, ते मला आत्ता ऐकू येत नाही. गेले चौदा दिवस मी ते आठवायचा प्रयत्न करतो आहे. तोंड आठवतं, हलणारं पोट आठवतं, आवाज येत नाही.

काठाला वेखंड आणि कर्दळ लावा, असा तह झाला. वेखंडाच्या उग्र वासाने फौजदार त्याच्या वाटेला जात नाही, कर्दळीची सावली सकाळी पडते. ती दोन्ही टिकली. पण भर दुपारी हौदाचा मधला भाग उघडाच राहिला, आणि तुमच्या डोक्यात कुमुद बसलं.

मी त्याला कमळ म्हणायचो, मुद्दाम.

"कमय नोको म्हणू. कमयाचं पान पाण्याच्या वर उभं राहते, याचं पाण्यावर पसरते. कुमुद होय हे. आपल्या गावतलावातलं, आपल्या उन्हात वाढलेलं. त्या नर्सरीतल्या बाहेरच्या जाती मले दाखवू नोको."

"साडभाऊ, फौजदार याचीही कोशिंबीर करीन."

"करीन नं. म्हणून त्याच्या वाट्याचं आधी लावाचं. एक बादली पाणकोबी त्याच्यासाठी वेगळी वाढवाची, रोज मूठभर टाकाची. त्याचं पोट भरलं का तो याच्याकडे पाहत नाही. पोट भरल्यावर तू तरी कोणाकडे पाहते?"

यंदाच्या फेब्रुवारीत तुम्ही कंद घेऊन आलात. ओल्या पोत्यात गुंडाळलेला, वर प्लास्टिकची पिशवी, पिशवीला भोक. शेजारच्या प्रवाशाची पँट भिजली म्हणून बोरगावपासून तुम्ही उभ्याने आलात. चढ चढून घरी पोचलात तेव्हा तुमचा श्वास लागला होता. ते मी बघितलं. बघून म्हटलं, "म्हातारे झाले तुमी." तुम्ही पाणी प्यायलात आणि मला समोर बसवून सांगितलंत: पसरट कुंडी घे. शेतातली काळी माती, चिकण, त्यात खत टाकू नको, तरंगते. कंद आडवा ठेव, शेंडा उघडा. वरून हाताएवढे गोटे ठेव, नाही तर हा उकरतो. पानं वर येईपर्यंत भोवती जाळी. आणि शेवटी पैज लावलीत. हे जगून फुललं, तर मी साऱ्या सोयऱ्याधायऱ्यांसमोर, हात जोडून कबूल करायचं की साडभाऊ बरोबर होते आणि मी सात वर्षं चूक होतो.

साडभाऊ, मी तो कंद लावला नाही.

न्हाणीमागे एक निळी बादली आहे, फुटक्या कानाची. तुम्ही बसमध्ये बसलात, मी तुम्हाला हात हलवला, घरी आलो आणि कंद त्या बादलीत टाकून वर पाणी ओतलं. उद्या लावू म्हणून. उद्या काळी माती नव्हती. परवा मी शिकवतो त्या शाळेत परीक्षा होत्या. मग मला हळूहळू कळलं की मला तो लावायचाच नाही. लावला तर एक तर फौजदार तो खाईल, आणि तुम्ही तेवढ्या लांबून श्वास लागेपर्यंत आणलेली वस्तू माझ्या देखत संपेल. नाही तर तो जगेल, आणि आपला वाद संपेल. वाद संपला तर तुम्ही बुधवारी फोन कशाला कराल? दर बुधवारी संध्याकाळी, "काय म्हणते तुहा फौजदार?" असा. मी तुम्हाला कधी बोललो नाही, पण बुधवारी मी त्या वेळेला कुठल्याही कार्यक्रमाचा माईक घेत नसे.

मार्चमध्ये तुम्ही आजारी पडलात. हृदय थकलं आहे, जिना चढायचा नाही, प्रवास नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. बुधवारी फोन आला, आवाज अर्धा झालेला.

"नाटक्या, लागलं का ते?"

मी म्हटलं, "लागलं जी. दोन पानं वर आली."

ही पहिली थाप. दुसऱ्या बुधवारी मी पानांची पाच केली. तिसऱ्या बुधवारी कळी काढली. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे, गोष्ट सुरू केली की मी तिला उपाशी ठेवत नाही. एप्रिलच्या मध्यावर फूल आलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "फोटो धाड."

आता फोटो कुठून आणू? सकाळची शाळा बारा वाजता सुटली, तसा मी स्कूटरने मोर्शी रोडच्या नर्सरीत गेलो. तिथे टाक्यांमध्ये गुलाबी, निळी, पिवळी फुलं होती. मी मूर्ख नव्हतो. तुमचं पांढरं आहे हे मला पक्कं माहीत होतं. एक पांढरं फूल शोधलं, टपोरं, टाकीच्या मधोमध उमललेलं. ऊन असं होतं की मोबाइलवर काय दिसतंय ते दिसत नव्हतं. नर्सरीची पाटी येणार नाही, शेजारची टाकी येणार नाही, अशा बेताने तीन फोटो काढले, त्यातला सगळ्यात चांगला तिथूनच तुम्हाला पाठवला. घाम पुसला. स्वतःवर खूश झालो.

दहा मिनिटांनी तुमचा फोन. बुधवार नव्हता.  उचलताच तुम्हाला ठसका लागला, मोठा, थांबेना. मागून अक्कांचा आवाज आला, "पाणी देऊ का?" मी घाबरलो.

"साडभाऊ? बरे हाय ना?"

"बरा हाय. फौजदार दिसत नाही फोटोत."

"तो खाली बसला जी. ऊन हाय ना."

"हो. ऊन लय दिसते." पुन्हा ठसका. "शाबास, नाटक्या."

"मी हरलो, साडभाऊ. तुमी बरोबर होते."

"साऱ्यायसमोर म्हणशील?"

"म्हणतो. तुमी बरे होऊन या, माईक लावतो."

त्यानंतर प्रत्येक बुधवारी तुम्ही त्या फुलाची चौकशी केलीत. पानं किती, फुलं किती, फौजदार तोंड घालतो का. मी सांगत गेलो. आणि दर वेळी फोन ठेवताना तुम्ही म्हणायचात, "दुपारी बाराले एकदा त्या फुलाकडे पाहत जाय." मी म्हणायचो, "पाहतो जी." मला वाटायचं, या माणसाला स्वतःला श्वास घेता येत नाही आणि याला काळजी कशाची, तर दुपारच्या उन्हात फूल कोमेजेल याची. शेवटच्या बुधवारीही तेच म्हणालात. त्यानंतरच्या सोमवारी सकाळी मी पाणी बदलत होतो.

खरा कंद बादलीत मरून गेला असेल असं मी धरून चाललो होतो. तुम्ही गेल्यावर दुसऱ्या दिवशी अकोल्याहून कपडे न्यायला घरी आलो, तेव्हा न्हाणीमागे गेलो. बादलीत मातीचा कण नाही, शेवाळलेलं पाणी, आणि त्यावर तळहाताएवढी दोन पानं. पहिल्या थापेत जेवढी सांगितली होती तेवढीच.

 मग कपडे घेऊन बस पकडली.

दहाव्याला आपण पूर्णेच्या काठी गेलो. म्हणजे आम्ही गेलो. तुमच्या मुलाने पिंड ठेवला आणि सगळे मागे सरकून उभे राहिले. समोरच्या बाभळीवर सात-आठ कावळे होते, उन्हाने चोची उघड्या टाकून बसलेले. एकही हलेना. मग सुरू झालं, जे आपल्याकडे सुरू होतं. तुमचा मुलगा म्हणाला, "बाबा, आईले एकटं ठेवत नाही." कावळे बसलेले. तुमच्या बहिणीने सांगितलं, "दादा, वावरातला आंबा तोडू देत नाही." कावळे बसलेले. कुणी तुमची पुस्तकं कॉलेजला द्यायचं कबूल केलं, कुणी तुमच्या नातीला वनस्पतिशास्त्रच शिकवू म्हणालं, ती बिचारी रडायलाच लागली. अर्धा तास गेला. गुरुजी पंच्याने मान पुसत होते. अक्का एका दगडावर बसल्या होत्या. दहा दिवसांत त्या कुणाशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. कुणी हातात कप दिला की धरायच्या, घेतला की सोडायच्या.

तेवढ्यात तुमचे थोरले बंधू माझ्याकडे वळले. "ओ जवाई, तुमी बोला नं. साऱ्या गावात बोलता. तुमचं काई राह्यलं असन त्याच्याशी."

मी पुढे झालो. हात जोडले. सवयीने घसा साफ केला आणि सवयीनेच तोंडातून निघालं, "उपस्थित सर्व मान्यवर." मागे कुणीतरी खसखसलं. मी थांबलो. मला पुढचं काहीच सुचेना, साडभाऊ. आयुष्यात पहिल्यांदा. पुढे वाळू होती, द्रोण होता, भाताचा गोळा होता, आणि त्या सगळ्यावर ऊन.

मग मी सांगितलं. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "साडभाऊ, ते कुमुद मी लावलंच नाही जी. फेब्रुवारीपासून न्हाणीमागच्या बादलीत पडून हाय. पानं खोटी सांगितली, कळी खोटी सांगितली. फोटो नर्सरीतला होता. तुमाले फसवलं मी. तुमी फसलेलेच गेले. पण सावलीचं तुमचंच बरोबर होतं, अन् मी सात वर्षं चूक होतो, हे साऱ्यायसमोर सांगतो. घरी गेल्याबरोबर लावतो, काळ्या मातीत, गोटे ठेवून."

कावळ्याचं काय झालं ते इथेच सांगून टाकतो. तो माझ्या बोलण्यावर आला नाही. पुढे वीसेक मिनिटांनी बाभळीची सावली सरकत पिंडावर आली, तेव्हा एकजण खाली उतरला आणि आरामात जेवला. तुमचं सावलीचं शास्त्र त्यालाही पटलेलं दिसलं. मला त्याचं काही नाही. माझं काम त्याआधीच झालं होतं.

मी बोलून थांबलो. तुमचा मुलगा माझ्याकडे असं बघत होता की याला उन्हाचं काही झालंय का. कुंदाने मान खाली घातली होती. आणि दगडावरून एक आवाज आला. मला आधी वाटलं अक्कांना ठसका लागला. कुणीतरी पाणी घेऊन धावलं. पण त्यांचे खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या हसत होत्या, तोंडाला पदर लावून, मग पदरही सोडून. दहा दिवसांनी पहिल्यांदा त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे हात करून, सगळ्या सोयऱ्यांसमोर, गुरुजींसमोर, पिंडासमोर, मोठ्याने म्हणाल्या,

"अवो भाऊजी, त्यायले तं पयल्याच दिवशी मालूम होतं! आपलं कुमुद दुपारी मिटते, अन् तुमी फोटो धाडला भर दुपारचा!"